सहा पदकं आणि दोन भाऊ: एका जुन्या फोटोची ओळख

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. एका शेतकरी घरातले दोन सख्खे भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. थोरला 103व्या मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या वेढ्यात त्याची पलटण अडकली. 29 एप्रिल 1916 रोजी ब्रिटिश जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली तेव्हा सुमारे 13,000 माणसं तुर्कांच्या हाती लागली, त्यांत हा एक. त्याच वर्षी तो कैदेतच वारला. धाकटा मात्र लढाई संपवून आला, पुढेही नोकरीत राहिला, पेन्शनीत निघाला आणि स्वातंत्र्यानंतर गावातच म्हातारा होऊन वारला.

घरात लष्करी वेशातला फोटो एकच. फेटा, सॅम ब्राउन पट्टा, छातीवर पदकांची ओळ. घरात त्याला ‘कर्नलआबा’ म्हणतात आणि सगळ्यांच्या मते तो थोरल्याचा. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: फोटोला हार आहे, आणि लढाईत गेले ते थोरलेच.

आता हा प्रश्न घरापुरता राहिला नव्हता. गावच्या वेशीजवळ संगमरवराची जुनी पाटी आहे. 1914 ते 1919 या काळात या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत अशी पाटी सापडते आणि तिच्यावर नावं नसतात, आकडेच असतात. ग्रामपंचायतीने त्या पाटीशेजारी नावं आणि फोटो असलेला फलक लावायचं ठरवलं. कामी आलेल्यांच्या रांगेत हा फोटो जाणार होता. घराण्यातल्या एक ताई ठाण्याला असतात. त्यांना शंका आली आणि फोटो माझ्याकडे आला.

पहिल्यांदा आला तो रंगीत. भाच्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून रंगवून घेतला होता. गणवेश हिरवा, फेटा भगवा, पदकांच्या फिती हिरव्या-पिवळ्या. दिसायला छान, पण कामाचा अजिबात नाही. पदकाची ओळख अर्धीअधिक फितीवरून पटते आणि ॲपला फितीचे रंग माहीत नसतात, ते अंदाजाने भरतं. पदकं ओळखायला कुणी रंगवलेला फोटो पाठवला की मी तो उघडून बघतच नाही. एकदा डोळ्यांत खोटा रंग बसला की मूळ फोटोतही तोच दिसायला लागतो.

ताईंना म्हटलं, “चौकटीतून काढा, काच बाजूला करा आणि दुकानात नेऊन 1200 डीपीआयला स्कॅन करून आणा. मागची बाजूसुद्धा.” मागच्या बाजूला काही नव्हतं. स्टुडिओचं नाव असलेली खालची पट्टी चौकटीत बसवताना कापून टाकलेली. चौकटीच्या कडेखाली मात्र ओळीतलं शेवटचं पदक दडलेलं होतं. घरचे पाच म्हणत होते, ती सहा निघाली.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हे आधी बघून घेतलं. काचेच्या प्लेटवरून छापताना बाजू फिरण्याचा प्रकार तेव्हा नवा नव्हता. इथे पदकं डाव्या छातीवर होती, कोटाची बटणंही पुरुषी बाजूने. म्हणजे फोटो सुलटा.

त्या काळची गोल चांदीची ब्रिटिश पदकं समोरून सारखीच दिसतात, सगळ्यांवर राजाचं डोकं. धूसर फोटोत तर ती नुसती पांढरी चकती. अशा वेळी चकती सोडून वर बघायचं: पदक कशाला टांगलंय, कडीला, सरळ दांडीला की नक्षीदार कमानीला. मग फीत, आकार आणि ओळीतली जागा. जागा मनाने ठरत नाही. शौर्यपदक आधी, म्हणजे छातीच्या मध्याकडे. त्यानंतर लढायांची पदकं कालक्रमाने, आणि राज्याभिषेक-महोत्सवांची त्यांच्यानंतर.

या ओळीत दुसऱ्या क्रमांकावर टोकदार तारा होता, त्यावर आडव्या तलवारी. त्याच्या शेजारी सरळ दांडीला टांगलेली चकती, मग कडीतलं पदक आणि त्यावर पंख पसरलेली आकृती. ही तिघं एकत्र दिसली की डोळे मिटून नावं घ्यावीत: 1914-15 स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल. मेसोपोटेमियात 1915 संपायच्या आत पोचलेल्या मराठा शिपायाला हाच संच मिळायचा.

खरं तर घरच्यांचा दावा इथेच कोसळतो. 1914-15 स्टार देण्याचं ठरलं डिसेंबर 1918मध्ये. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल 1919मध्ये जाहीर झाली. 1916मध्ये गेलेल्या माणसाने ही पदकं लावणं तर सोडाच, अशी पदकं निघणार आहेत हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याची पदकं नंतर वारसाकडे आली.

ताईंना फोनवर हे सांगितलं, तर पलीकडून त्यांच्या ऐंशीच्या पुढच्या आत्या, सगळ्यांच्या आक्का, मध्येच बोलल्या. “अवो, पण तारा तर आमच्या घरात हाय! थोरल्या आबांच्या नावाचा. मागं नाव कोरलंय.”

तारा खरोखर होता. ताईंनी त्याचा फोटो पाठवला. 1914-15 स्टारची पाठ कोरी असते आणि तिथे मिळवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. इथे स्पष्ट वाचता येत होतं: थोरल्याचं नाव, हवालदार, 103 मराठा. घरात उरलेलं पदकही हे एकच. ते उरण्याचं कारण साधं आहे. तारा कांस्याचा असतो, ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं. घरात अडचण आली की चांदीचं पदक सोनाराकडे जातं, कांस्याला सोनार विचारत नाही. कितीतरी घरांत तारा राहतो आणि त्याचा जोडीदार गायब असतो.

घरातला तारा थोरल्याचा, फोटोत तारा दिसतो, म्हणून फोटो थोरल्याचा, अशी ही मूळ समजूत. पण पुरावा सांगतो तो इतकाच की थोरल्याला तारा मिळाला. फोटोतला तारा हाच, असं त्यातून निघत नाही. या दोन वाक्यांमधली दरी घराण्यांच्या इतिहासात फार चटकन बुजवली जाते.

तरी दोन पळवाटा तपासाव्या लागल्या. पहिली: धाकट्याने भावाची पदकं लावून फोटो काढला असेल का? गेलेल्या नातलगाची पदकं लावायची तर उजव्या छातीवर, असा रिवाज आहे. इथे ओळ डावीकडे होती. शिवाय हवालदाराच्या वारसाला तीन पदकं आली असतील, इथे सहा होती. दुसरी पळवाट जास्त खरी वाटण्यासारखी. आपल्याकडचे स्टुडिओ गेलेल्या माणसाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवून ‘फोटो तयार करून’ द्यायचे, पदकंसुद्धा ब्रशने रंगवायचे. म्हणून मोठ्या स्कॅनवर मान आणि कॉलर यांची सीमा पाहिली, पदकांच्या सावल्या पाहिल्या. प्रत्येक चकतीची सावली कोटाच्या घडीबरोबर वाकलेली होती, एकाच बाजूला पडलेली. ब्रशने रंगवणारा एवढा जीव काढत नाही.

आता राहिली तीन पदकं: ओळीतलं पहिलं, पाचवं आणि चौकटीखाली दडलेलं सहावं. तिथे फितींचा प्रश्न आला आणि कृष्णधवल फोटोत रंग कसे वाचायचे हा जुना घोळ.

त्या काळच्या बऱ्याच स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट वापरत. ही प्लेट लाल रंगाला जवळजवळ आंधळी असते, निळ्याला मात्र फार हळवी. त्यामुळे लाल रंग काळपट उमटतो आणि निळा फिकट. आपला डोळा नेमका उलटा अंदाज करतो. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, ती लालही टिपते. समोरचा फोटो कशावर काढलाय हे ठरल्याशिवाय फितीबद्दल काही बोलू नये.

ते ठरवायची किल्ली त्याच फोटोत होती. ताऱ्याची ओळख आकारावरूनच पक्की झाली होती, त्याची फीत आपल्याला ठाऊक आहे: लाल, पांढरा, निळा, एकमेकांत विरघळत जाणारे, आणि लाल कड नेहमी छातीच्या मध्याकडे. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला निळा. स्कॅनमध्ये ताऱ्यावरच्या फितीची डावी कड जवळजवळ काळी होती, उजवी मधल्या पांढऱ्याहून जेमतेम गडद. प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक. शेजारच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीनेही तीच साक्ष दिली. तिच्या मधल्या नारिंगी पट्ट्याने गडद व्हायला हवं होतं आणि कडेच्या निळ्याने फिकट, आणि तसंच होतं. एकाच फोटोत, एकाच उजेडात, माहीत असलेल्या दोन फिती मिळणं हे भाग्यच. रंगांचा तक्ता पुस्तकातून घेण्यापेक्षा तो फोटोतूनच काढला की वाद उरत नाही.

ही किल्ली घेऊन सहाव्या पदकाकडे गेलो. कडीला टांगलेलं, इतरांपेक्षा चांगलंच लहान. लढाईची गोल पदकं साधारण 36 मिलिमीटर व्यासाची, हे 32च्या आसपास भरत होतं. मोजायला फूटपट्टी नको, शेजारची ब्रिटिश वॉर मेडलची चकतीच माप. चकतीवर एकामागे एक दोन डोकी, राजा आणि राणी. या वर्णनात दोन पदकं बसतात: पंचम जॉर्जच्या कारकिर्दीला 25 वर्षं झाली तेव्हाचं 1935चं रौप्यमहोत्सवी पदक आणि 1937चं राज्याभिषेक पदक. दोन्ही लहान, दोन्ही कडीची, दोन्हींवर राजा-राणी. फरक फितीत. 1935ची फीत मधे लाल, कडांना निळ्या-पांढऱ्या रेघा. 1937ची मधे निळी, कडांना पांढरा आणि लाल. साध्या डोळ्याला कृष्णधवल फोटोत दोन्ही सारख्या वाटतील. पण प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक आहे हे आता माहीत होतं, आणि इथे फितीचा मधला रुंद पट्टा काळा होता. काळा म्हणजे लाल. 1935.

म्हणजे फोटो मे 1935 नंतरचा. 1916मध्ये गेलेल्या माणसाशी या फोटोचा काही संबंध उरला नाही. गेलेल्या भावाच्या छातीवर कुणी रौप्यमहोत्सवी पदक रंगवून घेणार नाही. खालची मर्यादा अशी घट्ट मिळते. वरची तेवढी घट्ट मिळत नाही. 1937चं पदक छातीवर नाही म्हणून फोटो 1937च्या आधीचा, असं बऱ्याचदा लिहिलं जातं, ते चूक. ही महोत्सवी पदकं सरसकट वाटलेली नव्हती. 1935चं पदक सगळ्या साम्राज्यात मिळून सुमारे 85,000 लोकांना दिलं, म्हणजे एका पलटणीच्या वाट्याला मोजकीच. एकदा मिळालं म्हणून दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. नसलेल्या पदकावरून काही सिद्ध करायला जाऊ नये.

पहिलं पदक शौर्याचं. चांदीची चकती, वर नक्षीदार कमान, फितीचा मधला पट्टा काळा आणि दोन्ही कडा त्यापेक्षा फिकट. रंगांत वाचायचं तर कडा निळ्या, मधे किरमिजी. ही फीत इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची, पलटणीतल्या बोलीत आय.डी.एस.एम. हे पदक 1907मध्ये सुरू झालं आणि ते फक्त हिंदी शिपाई आणि व्हाइसरॉयच्या सनदेवरचे हिंदी अधिकारी, म्हणजे जमादार-सुभेदार, यांनाच मिळायचं. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटच्या फितीत रंग हेच, पण उलट लावलेले, मधे निळा आणि कडा किरमिजी. शिवाय ते पदक ताऱ्याच्या आकाराचं. तो गोंधळ इथे होत नव्हता.

या एका पदकाने हुद्द्याचा प्रश्नही सोडवला. खांद्यावर दोन फुल्या दिसत होत्या. भाचा म्हणत होता, “काका, दोन स्टार म्हणजे लेफ्टनंट ना?” फुल्यांकडे बघून सुभेदार आणि लेफ्टनंट यांत निवड करणं कठीणच, त्या काळी दोघांनाही दोनच. पण माणसाचं वय बघा, चाळिशीच्या पुढचा. देहरादूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली 1932मध्ये, पहिली तुकडी बाहेर पडली 1934च्या अखेरीस. 1935 सालचा हिंदी लेफ्टनंट बहुतेक विशी-पंचविशीतला पोरगा असणार, आणि त्याच्या छातीवर 1914-15 स्टार कुठून यायचा? पिकलेल्या मिशा, महायुद्धाची पदकं आणि आय.डी.एस.एम. यांच्यासोबत दोन फुल्या म्हणजे सुभेदार. निवृत्तीच्या वेळी मानद लेफ्टनंट केलेल्या सुभेदार-मेजरची शक्यता उरते, पण अशांच्या गळ्यात बहुधा ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाचं पदक लटकत असतं, ज्यावरून ‘सरदार बहादूर’ किंवा नुसतं ‘बहादूर’ म्हणत. इथे गळा मोकळा होता. कर्नल तर नाहीच. सुभेदाराचा कर्नल दोन पिढ्यांत होतो, त्यात घरच्यांचा काही दोष नाही. गावाला सुभेदाराचा रुबाब कर्नलाइतकाच होता.

इथवर पदकांनी सांगितलं: 1935 नंतरचा फोटो, महायुद्धात 1915पासून असलेला माणूस, आय.डी.एस.एम. मिळवलेला सुभेदार. नाव पदकं सांगत नाहीत. हातात पदक असतं तर कडेवर नाव वाचता आलं असतं, फोटोत कड दिसत नाही. असे आणखीही सुभेदार त्या काळी नोकरीत होते. आणि घरात हा फोटो आहे म्हणून तो घरच्याचाच, हेही धरून चालता येत नाही. मामा, सासरे, एखादा पलटणीतला दोस्त, यांचे फोटोही भिंतीवर लागतात.

म्हणून कागद शोधायला सांगितले. थोरल्याच्या घरी काही नव्हतं. ताईंनी मग धाकट्याच्या मुलीच्या सासरी, कराडला चौकशी केली. तिथे एका पत्र्याच्या ट्रंकेत पेन्शनबुक निघालं आणि त्यात घडी घालून ठेवलेला जंगी इनामाचा कागद. महायुद्धात चांगली नोकरी केलेल्यांना सरकारने दिलेलं ते खास इनाम. एका पिढीनंतर वारसालाही चालू राहायचं, त्यामुळे त्याचे कागद लोक पदकांपेक्षा जपून ठेवतात. चांदी वितळवली जाते, पण पैसे आणणारा कागद कुणी फेकत नाही.

कागदावर धाकट्याचं नाव, हुद्दा सुभेदार, नावापुढे आय.डी.एस.एम., पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची 10वी बटालियन. पेन्शनबुकात भरतीचं साल 1912. हिंदी सैन्याच्या 1922च्या फेररचनेत 114वी मराठा पलटण म्हणजेच ही 10वी, बेळगावची प्रशिक्षण बटालियन. त्या वर्षांच्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, 10व्या बटालियनच्या सुभेदारांत हेच नाव याच पदकासह सापडलं. तेच नाव-आडनाव असलेला दुसरा एक जण वेगळ्या बटालियनमध्ये होता, मराठा पलटणीत आडनावं ती किती असणार! पण त्याच्या नावापुढे आय.डी.एस.एम. नव्हतं. एवढ्याने काम झालं.

पाचव्या पदकाबद्दल मात्र मी हात राखून आहे. नक्षीदार कमान, फितीच्या वर एक पट्टी. फितीच्या कडा किंचित फिकट आणि मधला पट्टा थोडा गडद, म्हणून जांभळी-हिरवी फीत, म्हणजे 1918चं जनरल सर्व्हिस मेडल. फीत उलटी वाचली तर 1908चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल होईल, आणि छटांमधला फरक इतका थोडा आहे की शपथेवर सांगणार नाही. पट्टीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण शब्द आखूड आहे. डिसेंबर 1919 ते नोव्हेंबर 1920 या काळासाठी ‘इराक’ची पट्टी होती, आणि जुलै 1920मध्ये इराकमधल्या रुमैथाच्या वेढ्यात 114व्या पलटणीची माणसं होती. जुळतं छान. छान जुळतं म्हणूनच जपून राहायचं.

तसंच आय.डी.एस.एम.चं. ऑक्टोबर 1918मध्ये मेसोपोटेमियातल्या शरकातच्या लढाईत 114व्या पलटणीला 28 शौर्यपदकं मिळाली, रेजिमेंट अजून अभिमानाने सांगते. भाच्याने लगेच फलकासाठी मजकूर लिहून पाठवला: ‘शरकातचे वीर’. तो मी काढायला लावला. पदक मिळालं एवढं कागदावर आहे. कुठे, कधी, कशासाठी, ते ‘गॅझेट ऑफ इंडिया’मधला जाहीरनामा मिळेल तेव्हा कळेल, आणि त्यातही बऱ्याचदा नुसतं नावच असतं. शोध दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात चालू आहे.

आक्कांना हे सगळं सांगायची वेळ आली तेव्हा ताई कचरत होत्या. आक्का ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, “मग हार धाकट्या आबांना घालत होतो व्हय इतकी वर्सं? बरं झालं की. त्यांच्यामुळंच तर घर चाललं.”

फलकावर कामी आलेल्यांच्या रांगेत थोरल्याचं नाव, नंबर आणि पलटण गेली. त्याच्या चौकटीत ताऱ्याच्या पाठीचा फोटो छापला, कारण त्याचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं घरात तेवढंच आहे. धाकट्याचा फोटो परत आलेल्यांच्या रांगेत. मूळ फोटोच्या मागे ताईंनी मऊ पेन्सिलीने लिहून ठेवलं: नाव, सुभेदार, 10/5 मराठा, फोटो मे 1935 नंतरचा, ओळख पदकं आणि जंगी इनामाच्या कागदावरून, पाचवं पदक अनिश्चित.